गच्चीवरचे सोडे

सौदीतल्या खोबरच्या आमच्या घराला पत्ता नव्हता. रस्त्याला नाव असणारच, पण ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. टपाल अब्बांच्या कंपनीच्या पेटीत यायचं आणि घरी कुणी येणार असलं की अम्मी फोनवर एकच सांगायची, "तमीसवाल्याच्या पाठची बिल्डिंग, हिरवा दरवाजा, तिसरा माला." तमीस म्हणजे अफगाणी भट्टीतली सुपाएवढी रोटी. तिचं पीठ थापल्याचा थपथप आवाज पहाटेपासून यायचा आणि माझी झोप अजानीच्या आधी त्यानेच चाळवायची. मग अजान व्हायची. एका मशिदीची संपायच्या आत दुसरीची सुरू व्हायची, आणि समुद्राकडची एक नेहमी सगळ्यात मागे राहायची. खिडकीतला एसी बंद होताना म्हाताऱ्यासारखा खाकरायचा. दुपारी पाण्याचा टँकर आला की त्याचा पंप सगळ्या भिंतींतून घुमायचा. हे आमच्या घराचे आवाज. माणसांचे आवाज त्यात कमीच.

आम्ही चौघं होतो. अब्बा टगबोटीवर इंजिन सांभाळायचे. रास तनुऱ्याच्या बंदरात तेल भरायला येणाऱ्या अवाढव्य जहाजांना ओढून धक्क्याला लावायचं, हे त्या बोटीचं काम. एकदा ड्युटीवर गेले की आठवडाभर तिकडेच. मग अम्मी, मी आणि बऱ्याच वर्षांनी घरात आलेला इरफान, जो तेव्हा नुकता दुडदुडायला लागला होता आणि दिवसभर अम्मीच्या कुडत्याला लोंबकळायचा. अम्मी रत्नागिरीच्या खाडीकाठची. तिकडे ती एकटीने होडीतून पलीकडच्या गावच्या बाजाराला जाऊन यायची. इथे अब्बा नसले की कोपऱ्यावरच्या दुकानातही जायची नाही. त्या काळी बायका तिथे गाडी चालवत नव्हत्या, आणि पायी कुठे जायचं म्हटलं तर जाण्यासारखं होतं काय? मग ती सगळा जोर डब्यांवर काढायची. शेगडीच्या वर, तिच्या तोंडासमोर, फळीवर स्टीलच्या डब्यांची रांग होती. रत्नागिरीच्या बाजारातून बोजा करून आणलेले ते डबे ती राखेसारखी कसलीशी पावडर लावून असे घासायची की त्यांचे आरसे झाले होते. दार वाजलं की ओढणी सारखी करायची ती डब्यात बघून. मी हसले की म्हणायची, "आरशासमोर उभं राव्हायला मना कुठं टाइम हाय? डब्यात दिसतं तवढं बस."

मी तेव्हा सोळा वर्षांची. दम्मामच्या इंडियन शाळेत अकरावीला. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारच्या कुवेतमध्ये फौजा घुसल्या आणि शाळा उघडली तेव्हा वर्ग अर्धा रिकामा होता. उरलेल्यांतलं रोज कुणीतरी कमी व्हायचं. बाईंनी हजेरी घेताना नाव पुकारायचं, वर्गाने गप्प बसायचं आणि बाईंनी पुढच्या नावाला जायचं, असा प्रकार. माझी बाकावरची मैत्रीण एका बुधवारी "शनिवारी भेटू" म्हणून गेली आणि शनिवारी ती केरळात होती. बसमध्ये मी खिडकीपाशी बसायचे आणि शेजारच्या सीटवर दप्तर ठेवायचे. ते उचलायला कुणी सांगत नव्हतं. घरी अम्मीला हे सांगून उपयोग नव्हता. तिचं म्हणणं होतं की लढाईबिढाई काही व्हायची नाही, आणि झालीच तर घरात खायला असलं पाहिजे.

म्हणून तिने सोडे घालायचे ठरवले. कोळंबीचा मोसम नुकताच सुरू झाला होता. अब्बांनी कातीफच्या मासळीबाजारातून टोपलीभर आणली. आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात तशी ती सोलून, साफ करून, अम्मीने गच्चीवर जुन्या ओढण्यांवर वाळत घातली आणि मांजरं हाकलायला मला काठी देऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं. आता आमच्या गावाकडची पद्धत अशी की संध्याकाळी माल गोळा करायचा नाही, वर दुसरी ओढणी टाकायची आणि रात्रीचा वारा लागू द्यायचा. अम्मीने तेच केलं. पण खोबरच्या त्या दिवसांतल्या रात्री म्हणजे भिंतींना घाम फुटतो. सकाळी ऊन चढलं आणि अर्धवट वाळलेली, रात्रभर दमटलेली ती कोळंबी अशी काही उठली की तो वास जिन्याने, खिडक्यांनी, एसीच्या भोकांनी सगळ्या बिल्डिंगमध्ये उतरला. त्या महिन्यात जो तो विषारी गॅसबद्दल बोलत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मास्तरने नाकाला ओला टॉवेल लावला आणि जिन्यात येऊन "गाझ! गाझ!" म्हणून बोंब ठोकली. पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग रस्त्यावर. बायका बुरखे उलटे घालून, पोरं कडेवर, तमीसवाला पिठाच्या हातांनी बाहेर येऊन बघतोय. आम्हीही खाली पळालो. अम्मीला खालती गेल्यावर वाऱ्याची झुळूक आली तेव्हा उलगडा झाला. ती माझ्या कानात म्हणाली, "नसीम, हा आपला वास हाय गो. कुणाला सांगू नकोस."

आम्ही गुपचूप वर गेलो तर गच्चीचं दार उघडं होतं. पहिल्या मजल्यावरची जपानी बाई ओढण्यांशेजारी उकिडवी बसली होती. सगळे खाली पळाले आणि ही एकटी वर आली होती. एक सोडा बोटांत धरून ती हुंगत होती आणि रडत होती. अम्मीला वाटलं ओरडायला आली असेल. तिने आपलं "सॉरी सॉरी, खलास, फेकून देते" सुरू केलं. बाईने जोरजोराने मान हलवली. मग माझ्याकडे वळून तुटक इंग्रजीत म्हणाली, "फेकू नका. माझ्या गावाला असाच वास होता."

त्या होत्या मिसेस मोरिता. पन्नाशीच्या, बारीक, केस आखूड कापलेले. त्यांचे यजमान समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात इंजिनीअर होते आणि त्यांना मूल नव्हतं. आम्ही जिन्यात एकमेकींना इतके दिवस बघत होतो, पण मान लववण्यापलीकडे काही नाही. त्या दिवसापासून दुपारी मी शाळेतून आले की त्या घडीची खुर्ची, मोठी टोपी आणि थर्मास घेऊन वर यायच्या. थर्मासमध्ये भाजलेल्या सातूचा थंड चहा असायचा. मला तो भिजवलेल्या लाकडासारखा लागायचा आणि मी शेवटपर्यंत प्यायचे. दुसऱ्यांदा घातलेले सोडे अम्मीने संध्याकाळी आत आणायला सुरुवात केली होती. हे मिसेस मोरितांनीच हातवारे करून शिकवलं: आभाळ, थेंब, नाक, आणि मग मिसरी मास्तरची नक्कल. अम्मी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिला हसताना मी त्या वर्षी पहिल्यांदा बघितलं.

त्या दोघींची भाषा हा एक चमत्कार होता. अम्मी तिच्याशी सरळ कोकणीत बोलायची आणि ती अम्मीशी जपानीत. मध्ये "यल्ला", "शुक्रन", "खलास" अशा अरबी शब्दांची डागडुजी. अम्मी सोडे-बटाट्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाली पाठवायची. भांडं परत यायचं ते कधी रिकामं नसायचं. अब्बा घरी असले आणि विषय निघाला की म्हणायचे, "कुरेची ना ती? त्या बाईच्या गावची जहाजं ओढून माझी कंबर गेली." कुरे हे जपानातल्या तिच्या बंदराचं नाव. जहाजाच्या अंगावर ते कुठे बांधलं ते सांगणारी पितळी पाटी असते, त्यावर अब्बांनी ते कितीदा तरी वाचलं होतं. हे मी मिसेस मोरितांना सांगितलं तेव्हा त्या उठून कठड्यापाशी गेल्या आणि उत्तरेकडे, जिकडे रास तनुरा, तिकडे बराच वेळ बघत राहिल्या. तिथून जहाजं काही दिसत नाहीत. दिसतात त्या दुसऱ्या गच्च्यांवरच्या टाक्या.

हवा थंड व्हायला लागली आणि अब्बांनी ठरवलं की मला हिंदुस्तानात पाठवायचं. शाळा कधी बंद होईल सांगता येत नव्हतं, माझं बारावीचं वर्ष पुढे होतं, आणि चिपळूणचं एक कुटुंब निघालं होतं, त्यांच्याबरोबर मी जाऊ शकत होते. रत्नागिरीला फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, मला ठेवून घेणार होती. मी विचारलं, "आणि अम्मी?" अब्बांना कंपनी सोडणार नव्हती आणि अम्मी अब्बांना सोडून जाणार नव्हती. इरफान तर अम्मीच्या अंगाचाच भाग. म्हणजे जायचं मी एकटीने. मी अम्मीकडे बघितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "थोड्या दिवसांचा प्रश्न हाय. फुफीकडे काय तुना कमी पडणार हाय?" एवढंच. आवाजसुद्धा बदलला नाही. जे तिला हवे होते त्यांना तिने ठेवून घेतलं आणि मला डाळीतल्या खड्यासारखी बाजूला काढली, असं मला वाटलं. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. आमच्या घरात आधीच बोलणं कमी, त्यात हे. एसी खाकरायचा, इरफान रडायचा, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या बाजूने वाट काढत फिरायचो.

मिसेस मोरितांना मी सगळं सांगितलं, अगदी खड्याचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग थर्मासचं झाकण फिरवत फिरवत त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तुटक इंग्रजीमुळे माझ्या अजून लक्षात आहे, कारण प्रत्येक वाक्य एकेकटं उभं होतं.

त्या नऊ वर्षांच्या होत्या. लढाई चालू होती. कुरेला लढाऊ जहाजांची गोदी, म्हणून शहरावर विमानं येणार हे सगळ्यांना ठाऊक. सरकारने शाळेतल्या मुलांना खेड्यातल्या देवळांमध्ये नेऊन ठेवायचं ठरवलं. आई आणि धाकटं बाळ शहरात राहणार, ही जाणार. "मी फार रागावले," त्या म्हणाल्या. "बाळाला ठेवलं. मला पाठवलं." निघायच्या सकाळी आईने छातीवर नावाची कापडी पट्टी शिवली तेव्हा मिसेस मोरिता भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घराकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं नाही. उन्हाळ्यात एका रात्रीत शहर जळलं. डोंगराच्या पोटात खोदलेल्या भुयारांमध्ये माणसं लपली होती, आई आणि बाळ त्यातच गेली. लढाई संपल्यावर काका त्यांना घेऊन परत आले तेव्हा डोंगर जागच्या जागी होता, समुद्र जागच्या जागी होता, आणि मधलं काही नव्हतं.

"मग शहर पुन्हा बांधलं," त्या म्हणाल्या. "लवकर बांधलं. छान बांधलं. रुंद रस्ते. झाडं. गोदीत मोठी जहाजं. तुझ्या वडिलांची जहाजं. मी तिथे शाळेत गेले, लग्न केलं. सगळे म्हणतात, बघ किती सुंदर शहर. हो. पण आमचं घर कुठे होतं, मला दाखवता येत नाही. चूल कुठे, खिडकी कुठे, आठवत नाही. आईचा चेहरा आठवत नाही. फोटो जळले. आठवतो फक्त सुक्या मासळीचा वास आणि ती भिंत."

सोड्यांवर एक मांजर येऊन बसलं होतं आणि मला काठी उचलायचं सुचलं नाही. त्यांनीच "हूश" केलं. मग माझ्या हनुवटीला बोट लावून माझं तोंड जिन्याकडे, आमच्या घराकडे वळवलं. "नाशिमु," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांना असंच जमायचं. "रुसू नको. बघून घे. सगळं बघून घे."

मग मी बघायला लागले. उरलेल्या दिवसांत मी त्या घरात परीक्षेला बसल्यासारखी हिंडले. हिरव्या दरवाजाची कडी वर उचलून मगच सरकते. बाथरूमची फरशी तपकिरी, कोपऱ्यातली एक फुटलेली, तिच्यावर इरफानची बादली. हॉलमधल्या गालिच्यावर इस्त्रीचा त्रिकोणी डाग, त्यावर अम्मीने मुद्दाम टीपॉय ठेवलेलं. माझ्या पलंगावरून पडून बघितलं की छतावरच्या ओलीचा आकार दापोलीच्या चाचांच्या नाकासारखा. मी डोळे मिटून चालून बघायचे. शेगडीपासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत, कुठे न धडपडता. आज कुणी मला मध्यरात्री उठवून त्या घरात सोडलं तर मी दिवा न लावता पाणी पिऊन परत झोपेन. पण अम्मी काही सापडेना. मी स्वयंपाकघरात गेले की ती पाठमोरी. मी समोर गेले की ती खाली वाकून पिशवीत काहीतरी भरतेय. बोलणं तर मीच बंद केलेलं, आता तोंड कुठल्या तोंडाने उघडू? तिची पाठ मात्र मला पाठ झाली. ओढणीची गाठ डाव्या बाजूला, मानेवर सुटलेली केसांची बट, भाकरी थापताना उजवा खांदा जरा वर.

आदल्या दिवशी मिसेस मोरिता सुईदोरा घेऊन आल्या. माझ्या पिवळ्या पंजाबी ड्रेसच्या आत, काळजापाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी त्यांनी पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली आणि पेन माझ्या हातात दिलं. नाव लिहिलं. अब्बांचं नाव लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "आता घर." मी अडले. फुफीचं घर लिहायचं की गावचं? शेवटी मी लिहिलं, तमीसवाल्याच्या मागे, हिरवा दरवाजा, तिसरा मजला, अल-खोबर. देवनागरीत लिहिलं. वाचणार कोण होतं कुणास ठाऊक. मिसेस मोरितांनी ती अक्षरं वाचता येत असल्यासारखी नीट बघितली आणि दोरा दातांनी तोडला.

आमच्यात रीत आहे की लांब जाणाऱ्याने कुराणाखालून निघायचं. दारात आईने कुराण वर धरायचं, जाणाऱ्याने खालून जायचं आणि मग ती त्याच्या कपाळाचा मुका घेते. अब्बा ड्युटीवर निघाले की दर खेपेला अम्मी ते करायची, नेमाने, चपला घालायच्या आधी. त्या दुपारी गाडी खाली येऊन हॉर्न वाजवायला लागली. बॅगा उतरल्या. मी दारात उभी राहिले. मनात म्हटलं, आता तिला समोर यावंच लागेल, आता मी तिचा चेहरा बघेन. आतून अम्मीचा आवाज आला, अब्बांना उद्देशून: "तुम्हीच धरा. माझे हात पिठाचे हायत."

अब्बा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी कुराण आणलं, वर धरलं. मी खालून गेले, परत आले, पुन्हा गेले. तीनदा जायचं असतं. दर वेळी मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं. ती शेगडीसमोर परातीवर वाकलेली होती, पाठमोरी. "सोडे हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, विमानात वास येईल," ती म्हणाली. वळली नाही. अब्बांनी कपाळाचा मुका घेतला, त्यांची दाढी टोचली. मी जिना उतरले. पहिल्या मजल्यावर मिसेस मोरितांचं दार उघडं होतं आणि त्या कमरेत वाकून उभ्या होत्या, मी फाटकाबाहेर जाईपर्यंत तशाच. गाडी निघाली तेव्हा मी वर बघितलं. आमच्या खिडकीत कुणी नव्हतं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. लढाई झाली. फुफीच्या घरी रेडिओवर खोबर, दम्माम ही नावं यायची आणि फोन लागायचा नाही. फुफी वजू करून नमाजाच्या मुसल्यावर बसायची आणि मी पिवळ्या ड्रेसची पट्टी मुठीत धरून. ते तिघं खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवून एका खोलीत बसून राहिले आणि त्यांना काही झालं नाही. आमच्या बिल्डिंगची एक काचसुद्धा फुटली नाही. पण मी परत गेले नाही. बारावी झाली, मग कॉलेज, मग मुंबईला हॉस्टेल, मग लग्न. "थोड्या दिवसांचा प्रश्न" असाच लांबत गेला. गल्फमधल्या आमच्या बरोबरीच्या सगळ्याच मुलांचं हे झालं, कुणावर बॉम्ब पडावा लागला नाही. लढाईच्याच वर्षी अब्बांना दम्मामला कंपनीचं घर मिळालं आणि हिरवा दरवाजा सुटला. मिसेस मोरितांच्या यजमानांच्या कंपनीने बायकांना परत बोलावून घेतलं होतं. त्या माझ्यानंतर थोड्याच दिवसांनी गेल्या, आणि पुढे त्यांचं काही कळलं नाही. हल्ली फोनवर कुठलंही शहर बघता येतं. मी कुरे बघते. डोंगरउतारावर दाटीने घरं, खाली गोदी, गोदीत लाल पोटाचं जहाज. खरंच छान बांधलंय. मी बोटाने रस्ते सरकवत राहते, जसं काही मला तिथे कुणाचं घर शोधायचंय.

अम्मीशी माझं बोलणं अर्थात परत सुरू झालं. आयुष्यभर आम्ही भाव, आजार, लग्नं, मुलं सगळं बोललो. त्या दुपारबद्दल कधी नाही. तिला कदाचित आठवतही नसेल असं धरून मी चालले होते आणि त्याचाच मला जास्त राग होता.

नशिबाने मला पुन्हा खोबरलाच आणलं. माझ्या यजमानांची नोकरी इथे लागली, आणि आता मुलं त्यांच्या त्यांच्या देशांत आणि आम्ही दोघंच. अब्बा गेल्यानंतर गेल्या हिवाळ्यात अम्मी रत्नागिरीहून पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आली. पंचाहत्तरीची, गुडघे दुखणारी, पण जीभ शाबूत. मी गाडी चालवते याचं तिला भारी अप्रूप. पुढच्या सीटवर बसायची, पट्टा लावून घ्यायची आणि इतर बायांच्या गाड्या बघून म्हणायची, "ही बघ, हीपण! आमच्या टायमाला असतं तर मी मिसरी मास्तरला गाडीखाली घेतला असता." एका दुपारी मी तिला न विचारता गाडी जुन्या गल्लीत घातली.

तिथे काचेची इमारत आहे. खाली कॉफीचं दुकान, बाहेर छत्र्या. तमीसची भट्टी होती तिथे केकवाला. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, थोडी चुकीचीच, आणि म्हटलं, "इथे होतं आपलं घर."

अम्मीने चष्मा सारखा करून बघितलं. "ह्यो? नाय गो. आपलं घर असं कुठं होतं?"

मी तिला सांगायला लागले. कडी वर उचलून सरकायची. फुटकी फरशी, त्यावर इरफानची बादली. गालिच्यावरचा डाग. छतावरचं चाचांचं नाक. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तशी. शेवटी म्हणाली, "तुना बरं आठवतं. मना त्यातलं कायच आठवत नाय. फरशीचा रंगपण नाय."

"काहीच नाही?"

समोर कॉफीच्या दुकानातून दोन मुली हसत बाहेर आल्या आणि गाडीत बसून निघून गेल्या.

"तू गेलीस तो दिवस आठवतो," अम्मी म्हणाली. "पिवळा ड्रेस होता. ओढणी सारखी खांद्यावरून घसरत होती. तू तीन वेळा कुराणाखालून गेलीस आणि तिन्ही वेळा माझ्याकडे मान वळवलीस. तिसऱ्या टायमाला खालचा ओठ दातात धरला होतास, रडू नये म्हणून. लहानपणीपण तसाच धरायचीस."

मला कळेना. "तू तर पाठमोरी होतीस. तुझे हात पिठाचे होते."

"भाकऱ्या तर सकाळीच झाल्या होत्या," ती म्हणाली. "परातीत काय नव्हतं. मी डब्यात बघत होती. तांदळाच्या मोठ्या डब्यात. त्यात सगळा दरवाजा दिसायचा." मग हातातल्या पट्ट्याशी चाळा करत, मला नाही तर काचेच्या त्या इमारतीला सांगावं तशी ती म्हणाली, "वळली असती तर तुना जाव दिला नसता. आणि तुना तर वाचवायची होती."

मागे एक गाडी आली होती. मी रस्ता अडवला होता, आणि तो माणूस हॉर्न वाजवायला लागला. मी इंजिन बंद केलं. पट्टा सोडला, सीटवर पूर्ण वळले, आणि अम्मीची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे केला. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस वेगळाच उभा आहे. गालावर, कानाजवळ, एक जुना डाग आहे. खालचा ओठ तिने दातात धरला होता. मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवून बसला, काहीतरी ओरडलासुद्धा. मी बघत राहिले.